वळणासाठी घडवलेलं इंजिन

वाफेच्या इंजिनाला वळण सोसत नाही. बैलगाडीचं तसं नाही. तिची चाकं एकाच आसावर असली तरी आपापल्या गतीने फिरतात. वळणावर बाहेरचं चाक जास्त धावतं, आतलं कमी, आणि गाडी निमूट वळते. रेल्वेचं चाक मात्र आसावर पक्कं बसवलेलं असतं. आस फिरला की दोन्ही चाकं सारखीच फिरणार. चाकाच्या धावेला दिलेला किंचित उतार मोठ्या, सैल वळणावर हा फरक सांभाळून घेतो. अवघड वळणावर त्याचं काही चालत नाही. त्यातून वाफेच्या इंजिनाचे तीन-चार आस बाहेरून लोखंडी दांड्यांनी एकमेकांना जोडलेले असतात. ते समांतरच राहायला हवेत, नाहीतर दांडा वाकेल. म्हणजे इंजिन हा एक ताठ, लांबट ठोकळा आणि त्याला डोंगराच्या कोपऱ्यावरून वळवायचं. चाकाची कड रुळाला घासते, किंचाळते आणि वेळ आली की रुळावर चढते.

अशा वेळी उपाय दोनच. मार्ग असा आखायचा की अवघड वळण टळेल, नाहीतर इंजिनालाच वाकायला शिकवायचं. कर्जत आणि खालापूर या शेजारच्या तालुक्यांत पन्नासेक वर्षांच्या अंतराने हे दोन्ही उपाय करून झाले. पहिला बोरघाटात, दुसरा नेरळहून माथेरानला चढताना. पहिल्यावर मुंबईचा सगळा व्यापार अवलंबून होता, दुसऱ्यावर हवा खायला निघालेली मंडळी. आणि आज पाहायला गेलं तर पहिल्याच्या खुणा शोधाव्या लागतात, दुसरा मात्र जागच्या जागी आहे.

कळंब हे नेरळहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. पश्चिमेला माथेरानचा सपाट माथा, पूर्वेला भीमाशंकरच्या बाजूची सह्याद्रीची भिंत. गावात रेल्वे नाही. कल्याण-मुंबई गाठायची तर आधी नेरळ गाठायचं. नेरळला दोन रेल्वे शेजारी शेजारी उभ्या असतात. एकीचे रूळ पाच फूट सहा इंच अंतरावर, दुसरीचे दोन फूट. कळंबच्या, कशेळेच्या माणसाचा संबंध पहिलीशी. कामावर जाणारे, कॉलेजची मुलं, दवाखान्याला निघालेले, सगळे रुंद रुळावरचे. दोन फुटी गाडी त्यांच्यासाठी बांधलेली नव्हती, आणि हे तिच्या इतिहासात सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं.

रुंद रूळ आधी आले. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ला धावली. ती ओढणाऱ्या तीन इंजिनांची साहिब, सिंध आणि सुलतान ही नावं पाठ्यपुस्तकातून सगळ्यांना पाठ असतात. इंजिनं मात्र तिन्ही गेली, एकही जपलेलं नाही. पुढच्याच वर्षी रेल्वे कल्याणला पोहोचली आणि १८५६च्या मे महिन्यात नेरळ, कर्जत, पळसदरी करत खोपोलीला. तिथे डोंगर आडवा आला. दोन वर्षांनी वर खंडाळा ते पुणे असा मार्ग सुरू झाला, पण मधला घाट बाकी होता. त्या काळात मुंबईहून निघालेला प्रवासी खोपोलीला उतरायचा, पालखी, तट्टू किंवा बैलगाडी करून घाट चढायचा आणि वर पुन्हा गाडीत बसायचा.

बोरघाटाचं काम १८५६ला सुरू झालं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता होते जेम्स बर्कले. ठेकेदार विल्यम फॅव्हिएल. मजुरी थकल्यामुळे १८५९मध्ये मजुरांचा उठाव झाला, आणि त्याच वर्षी फॅव्हिएल कामातून बाहेर पडला. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल हा ठेकेदार विलायतेहून आला आणि काही आठवड्यांतच आजाराने वारला. पुढे जे घडलं ते त्या काळाला धरून नव्हतं. ट्रेडवेलच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी, ठेका सोडला नाही. हाताशी जाणते अभियंते घेऊन त्यांनी काम तडीला नेलं. १८६१मध्ये घाटात बेचाळीस हजारांवर माणसं राबत होती. कड्यावरून दोराने लोंबकळत सुरुंगाची भोकं पाडणारी माणसं, आणि दर पावसाळ्यात छावण्यांतून फिरणारा कॉलरा. बर्कले १८६२ला गेले. घाट १८६३ला सुरू झाला. पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल, आणि पंधरा मैलांत साधारण साडेपाचशे मीटरची चढण.

या वाटेचं श्रेय इथली माणसं वेगळ्याच नावाला देतात. खोपोलीहून जुन्या रस्त्याने वर जाताना शिंग्रोबाचं देऊळ लागतं. शिंग्रोबा हा धनगर. गुरं कशी चढतात हे त्याने साहेबाला दाखवलं, म्हणून घाटाची वाट सापडली, आणि बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली, असं लोक सांगतात. ट्रकवाले अजून तिथे नाणं टाकून पुढे जातात. कथेला कागद नाही. पण घाट कुणी बांधला या प्रश्नाला बर्कले आणि ट्रेडवेल हे उत्तर अपुरं आहे, एवढं ती कथा बरोबर ओळखते.

आता वळणाकडे येऊ. खंडाळ्याच्या खाली एका ठिकाणी डोंगराची सोंड अशी निमुळती होती की गाडी वळवायला जागाच नव्हती. अभियंत्यांनी वळण टाळलं. गाडी सरळ जाऊन कड्याच्या टोकावरच्या स्थानकात थांबायची; इंजिन एका टोकाचं सोडून दुसऱ्या टोकाला लावायचं; आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढायची. हेच बोरघाटाचं रिव्हर्सिंग स्टेशन. साठ-पासष्ट वर्षं मुंबई-पुण्याची प्रत्येक गाडी तिथे थांबून तोंड फिरवत होती. १९२९च्या सुमारास नवे बोगदे खणून मार्ग सरळ केला गेला आणि ते स्थानक एका दिवसात निरुपयोगी झालं. घाटातला चढ मात्र तसाच राहिला. सदतीस मीटर पुढे जायचं आणि एक मीटर वर.

त्याच वर्षी आणखी मोठी गोष्ट झाली. नोव्हेंबर १९२९मध्ये कल्याण-पुणे मार्ग विजेवर आला. या परिसराला वीज नवी नव्हती. घाटमाथ्यावरचं पाणी नळांतून खाली सोडून टाटांनी खोपोलीला १९१५मध्येच वीज काढली होती, आणि भिवपुरीला १९२२मध्ये. ती मुंबईच्या गिरण्यांना जात होती. घाटासाठी जी मालगाडीची विद्युत इंजिनं आली त्यांचा सांगाडा स्विस डोंगरी इंजिनांच्या धर्तीवर तीन भागांत सांधलेला होता. त्यांच्यावर काम करणाऱ्यांनी त्यांना खेकडा म्हणायला सुरुवात केली. घाटात खेकडा आला आणि कर्जतच्या मुख्य मार्गावरून वाफेच्या इंजिनाचं राज्य संपलं. देशात इतरत्र वाफ आणखी पासष्ट वर्षं टिकली. ब्रॉडगेजवरची शेवटची नेहमीची वाफेची गाडी डिसेंबर १९९५मध्ये पंजाबात धावली. कर्जतने मात्र तिला १९२९लाच निरोप दिला. म्हणून कर्जतच्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीतही घाटाची गाडी विजेचीच असते, मागून ढकलणाऱ्या बँकर इंजिनांची आणि ती जोडेपर्यंत मिळणाऱ्या वड्याची.

धूर, शिट्टी, कोळसा या सगळ्याच्या आठवणी या तालुक्यात उरल्या त्या नेरळला.

माथेरान इंग्रजांच्या नकाशावर आलं ते १८५०मध्ये. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट त्या मे महिन्यात खालापुरातल्या चौकच्या बाजूने वर चढले. हवा आवडली, परत आले, घर बांधलं. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी पुढे रस्ते आखले. मुंबईची श्रीमंत घराणी, पारशी, बोहरी, भाटिया, उन्हाळ्यात वर राहायला येऊ लागली. नेरळपर्यंत रेल्वे, पुढे घोडं किंवा पालखी किंवा पाय. डोंगरावरच्या आणि पायथ्याच्या माणसांच्या खांद्यावर हा हंगाम चाले.

आदमजी पीरभॉय हे या घराण्यांपैकी एकाचे प्रमुख. काठेवाडातून आलेले दाऊदी बोहरा. काडेपेट्या विकण्यापासून सुरुवात केली असं सांगतात. पुढे लष्कराला तंबू आणि बूट पुरवून, कापड गिरणी आणि धारावीतला चामड्याचा कारखाना काढून ते मुंबईतल्या बड्या धनिकांत गेले. शहराचे शेरीफ झाले, नंतर सर झाले. एकदा नेरळला उतरल्यावर वर जायला घोडं मिळालं नाही आणि त्या रागातून रेल्वे बांधली, अशी एक गोष्ट माथेरानमध्ये चवीने ऐकवतात. रागाने रेल्वे बांधून होत नसते. त्यासाठी सोळा लाख रुपये लागले, आणि मुलगा अब्दुल हुसेन याला डोंगराच्या पायथ्याशी ठाण मांडून बसावं लागलं. १९०४ला काम लागलं आणि मार्च १९०७मध्ये गाडी वर पोहोचली.

त्या काळात खाजगी माणसाने लहान रेल्वे बांधणं ही नवलाई नव्हती. दहा वर्षांपूर्वी एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने सोलापूर जिल्ह्यात बार्शी लाइट रेल्वे सुरू केली होती, अडीच फुटी गेजवर. वऱ्हाडात कापूस वाहायला किलिक निक्सन कंपनीने यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर मार्ग टाकला, ज्याला लोक शकुंतला म्हणतात. पण या सगळ्या सपाटीवरच्या, माल वाहणाऱ्या रेल्वे. नेरळच्या रुळाला सुमारे साडेसातशे मीटर चढायचं होतं, आणि तेही वीस-एकवीस किलोमीटरमध्ये. चढ वीसला एक. बोरघाटाच्या जवळजवळ दुप्पट.

हा आकडा कागदावर साधा वाटतो. त्याचा हिशेब करून पाहावा. वीसला एक चढावर गाडीच्या प्रत्येक टनामागे पन्नास किलोची ओढ नुसत्या चढापायी लागते. घर्षण धरून साठ म्हणा. इंजिन ओढतं ते रुळावरच्या पकडीने, आणि लोखंडाची लोखंडावरची पकड भरवशाची धरायची तर इंजिनाच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढी. म्हणजे इंजिन स्वतःला चढवून, वर आपल्या वजनाच्या सव्वादोन पटींहून थोडं जास्त एवढंच ओढू शकतं. रूळ ओले झाले, पानं पडली, की तेही नाही. निलगिरीच्या रेल्वेला बाराला एक चढ असल्यामुळे रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी बसवावी लागली. नेरळला दाते नाहीत. नुसत्या पकडीवर गाडी वर जाते, म्हणूनच तिला डबे मोजके आणि चाल ताशी वीस किलोमीटरच्या आत.

जागा इतकी कमी की रेषा सारखी वळते. पुस्तिकांतून २२१ वळणं आणि १२१ लहानमोठे पूल असा आकडा दिलेला असतो. काही वळणांची त्रिज्या वीस मीटरच्याही आत आहे. गाडीच्या पहिल्या डब्यातल्या माणसाला शेवटच्या डब्यातला माणूस समोरासमोर दिसतो तो यामुळेच. अशा वळणावर तीन ताठ आसांचं इंजिन घालणं म्हणजे दर फेरीला रुळावरून उतरणं. पण एवढी ओढ काढायची तर तीन आस हवेतच, कारण हलक्या रुळावर वजन वाटून द्यावं लागतं.

उत्तर जर्मनीत तयार होतं. सॅक्सनीच्या सरकारी रेल्वेतले दोन अभियंते, क्लीन आणि लिंडनर, यांनी पोकळ आसाची रचना काढली होती. इंजिनाच्या चौकटीत एक भरीव आस बसतो. तो दांड्यांनी फिरवला जातो, सरळ राहतो, कुठे हलत नाही. त्याच्याभोवती नळीसारखा दुसरा, पोकळ आस, आणि चाकं या पोकळ आसाला. दोघांचा सांधा फक्त मधोमध, आपल्या खांद्याच्या खोबणीत हाड फिरतं तसा गोलाकार. त्यामुळे आतला आस ताकद देत राहतो आणि बाहेरचा, चाकांसकट, डावीउजवीकडे झुकू शकतो, थोडा सरकूही शकतो. वळणात शिरताना पुढची चाकं वळणाच्या बाजूला तोंड करतात, मागची उलट. मधला आस तेवढा ताठ. दांडे समांतर राहतात, कारण ते हलणाऱ्या आसाला जोडलेलेच नाहीत. चौकट चाकांच्या बाहेरून घ्यावी लागते, म्हणून या इंजिनाकडे बाजूने पाहिलं तर चाकं आत लपलेली आणि दांडे-क्रँक बाहेर फिरताना दिसतात.

ही रचना घेऊन ओरेनस्टाइन आणि कॉपेल या बर्लिनच्या कंपनीने १९०५ ते १९०७ दरम्यान चार इंजिनं बांधली. बेन्नो ओरेनस्टाइन आणि आर्थर कॉपेल या दोन ज्यू उद्योजकांनी १८७६मध्ये काढलेली ही कंपनी. उसाच्या मळ्यांत, खाणींत, बांधकामांवर घालायचे लहान रूळ आणि त्यावरची इंजिनं हा तिचा हातखंडा. पतियाळा संस्थानात एका रुळावर चालणारी अजब रेल्वे होती, तिची इंजिनंही याच कंपनीची. तीस वर्षांनी नाझींनी हीच कंपनी ओरेनस्टाइन घराण्याच्या हातातून काढून घेतली. एका बोहरी व्यापाऱ्याच्या पैशाने, ज्यू मालकांच्या कारखान्यात, सॅक्सन अभियंत्यांच्या युक्तीने बनलेलं यंत्र जहाजातून मुंबईला उतरलं आणि नेरळच्या शेडमध्ये आलं. पुढे या चौघांना ७३८ ते ७४१ असे क्रमांक मिळाले.

डोंगरी इंजिनाची दुसरी अडचण बाहेरून दिसत नाही. बॉयलरमध्ये भट्टीचा वरचा पत्रा सतत पाण्याखाली असायला लागतो. तो उघडा पडला की तापून मऊ होतो आणि वाफेच्या दाबाने फाटतो. आता वीसला एक चढावर तीन मीटर लांबीच्या बॉयलरमध्ये पाण्याच्या दोन टोकांच्या पातळीत पंधरा सेंटिमीटरचा फरक पडतो. चढताना पाणी एका टोकाला, उतरताना दुसऱ्या. त्यामुळे फायरमनचं अर्धं लक्ष कोळशावर आणि अर्धं काचेच्या नळीवर, आणि नळी दाखवते ते पाणी चढ लक्षात घेऊन वाचायचं. शेवटचा पहारा म्हणून भट्टीच्या पत्र्यात मऊ धातूचं बूच असतं. पत्रा तापला तर ते वितळतं, वाफ भट्टीत घुसते आणि आग विझते. बूच वितळणं ही ड्रायव्हर-फायरमनच्या अब्रूची गोष्ट असे.

पाण्याचा खर्चही दांडगा. इंजिनाच्या अंगावरच्या टाक्यांत मावेल तेवढंच पाणी, म्हणून वाटेत भरून घ्यायची सोय. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज, माथेरान अशी स्थानकं लागतात. वॉटर पाइपचं काम त्याच्या नावातच आहे. वाफ गेल्यावर त्या स्थानकाचं काम गेलं. जुम्मापट्टीला वरून येणारी आणि खालून जाणारी गाडी एकमेकींना वाट देतात. मार्गावर बोगदा एकच, आणि त्याचं वन किस टनेल हे नाव इतक्या वेळा छापून आलंय की इथे एकदाच लिहून पुढे जातो. त्याहून पाहण्यासारखा भाग म्हणजे भेकरा खुदच्या परिसरातला घोड्याच्या नालेसारखा भराव. गाडी दरीला फेरी मारून त्याच दरीवर एक मजला वर येते. बोरघाटात इंजिनाचं तोंड फिरवून जे साधलं, ते इथे गाडी न थांबता साधते. खाली काळा बेसाल्ट, वर जांभा दगड. अमन लॉजच्या पुढे रूळ लाल मातीतून जातात.

ब्रेकची व्यवस्था हाताची असे. इंजिनाच्या ब्रेकवर एवढा उतार सोडून देता येत नसे, म्हणून डब्याडब्यावर ब्रेक्समन. शिट्टीच्या खुणेवर सगळ्यांनी मिळून चाकं आवळायची आणि सैल सोडायची. उतरताना गाडी सांभाळायची ती यांनी, आणि तरी छायाचित्रं निघतात ती इंजिनाची.

डिझेल १९५६च्या सुमारास आलं, तेही जर्मनीतूनच, युंग कारखान्याचं. डिझेल इंजिनाने क्लीन-लिंडनरचा प्रश्न सोडवला नाही, तो प्रश्नच काढून टाकला. चार-चार चाकांच्या दोन बोगी, प्रत्येक बोगी आपल्या आपण वळणारी, त्यावर सांगाडा. लांब दांडे नाहीत, बॉयलर नाही, चढावर पाण्याची पातळी नाही. तरी वाफेची इंजिनं लगेच गेली नाहीत. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ती जोडीने धावत राहिली. म्हणजे पंचाहत्तर वर्षांहून जास्त सेवा. ज्या तालुक्यात मुख्य मार्गाने वाफ १९२९ला टाकून दिली, त्याच तालुक्यात बाजूच्या रुळावर ती आणखी अर्धं शतक टिकली. कौतुक वाटून कुणी टिकवली नव्हती. वर मोटारींना बंदी, गाडीला घाई नाही, बदलायला पैसे नाहीत. जुनं टिकतं ते बहुतेक वेळा असंच.

मग चौघांची पांगापांग झाली. ७४० क्रमांकाचं इंजिन इंग्लंडला गेलं आणि तिथल्या हौशी मंडळींनी ते पुन्हा वाफेवर आणायचं काम अंगावर घेतलं. एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात गेलं. बाकीची डोंगराजवळच राहिली, रंग लावून चौथऱ्यावर. नेरळला येणारे पर्यटक तिथल्या इंजिनापुढे फोटो काढतात, पोरं पायरीवर चढतात, आणि चाकांच्या आत काय दडलंय ते कुणाला दिसत नाही. पोकळ आस सरळ रुळावर उभा असताना साध्या आसासारखाच दिसतो. ज्या कारणासाठी हे इंजिन जन्माला आलं ते कारण चौथऱ्यावर दाखवता येत नाही. त्यासाठी वळण लागतं. शेजारी कापून उघडा केलेला एक आस किंवा हाताने फिरवता येणारा लाकडी नमुना ठेवला तरी शाळेच्या सहली दुप्पट वेळ थांबतील.

या शतकाच्या सुरुवातीला दार्जिलिंगहून बी वर्गाचं एक इंजिन, क्रमांक ७९४, नेरळला आणण्यात आलं. त्याची गोष्ट वेगळी. त्याला आस दोनच, जवळजवळ बसवलेले, त्यामुळे ते युक्तीशिवायही अवघड वळण घेतं. खास प्रसंगी ते धुमसलं, लोक पाहायला जमले. पण ते या डोंगराचं नव्हे. अलीकडे मध्य रेल्वेने एका डिझेल इंजिनाला वाफेच्या इंजिनाचं रूपही दिलं आहे. मुलांना ते आवडतं आणि त्यात गैर काही नाही. फक्त त्याला वारसा जपणं म्हणू नये.

खरी वाफ परवडतच नाही, हे म्हणणंही मला पटत नाही. वेल्समधल्या टॅलिलिन रेल्वेवर १९५१पासून स्वयंसेवक गाडी चालवतात. जगातली ती पहिली. आपल्याकडे रेल्वे सरकारची, त्यामुळे तो नमुना जसाच्या तसा बसणार नाही. पण निलगिरीचं उदाहरण घरचं आहे. तिथली जुनी स्विस इंजिनं थकली तेव्हा तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यात त्याच नमुन्याची नवी इंजिनं बांधली गेली, या शतकात, भारतीय कामगारांच्या हातांनी. म्हणजे बॉयलर वळणारे, नळ्या बसवणारे, वाफेचा दाब तपासून सही करणारे लोक अजून आहेत. ते पांगले की मग मात्र कितीही पैसे ओता. आपल्याकडे बार्शी लाइटसाठी उभा राहिलेला कुर्डुवाडीचा कारखाना आहे. बार्शीची मूळ रेल्वे ब्रॉडगेज झाली तरी कारखाना टिकला, आणि माथेरानच्या गाड्यांची दुरुस्ती तिथे होते. इंजिन जपायचं तर आधी असे कारखाने जपायला हवेत.

आणि रूळही. २६ जुलै २००५च्या पावसाने डोंगराच्या कडा घसरल्या आणि मार्ग वाहून गेला. शंभरीच्या तोंडावर, २००७मध्ये, तो पुन्हा सुरू झाला. मे २०१६मध्ये अमन लॉजजवळ डबे घसरल्याने गाडी बंद, जानेवारी २०१८मध्ये पूर्ण मार्ग सुरू. २०१९च्या पावसात पुन्हा दरडी, आणि या वेळी तीन वर्षं. गाडी परत धावली ती ऑक्टोबर २०२२मध्ये, दगडांच्या जाळीदार भिंती आणि नवे रूळ-स्लीपर घालून. दर वेळी बंद पडताच आता ही कायमची गेली असं बोललं जातं. मधल्या काळात अमन लॉज ते माथेरान एवढी शटल गावकऱ्यांना सामानसुमानासाठी उपयोगी पडते. पावसाळ्यात खालचा मार्ग बंद ठेवतात तेव्हाही ती चालते. नेरळपासूनच्या गाडीला उन्हाळी पाहुणे लागतात, शटलला नाही. युनेस्कोच्या यादीत दार्जिलिंग १९९९ला गेलं, निलगिरी २००५ला, कालका-सिमला २००८ला. माथेरानचं नाव संभाव्य यादीत थांबलेलं आहे.

या सगळ्यात एक गोष्ट राहून जाते. या दोन तालुक्यांतला सर्वांत जुना रूळमार्ग माथेरानचा नव्हे, आणि बोरघाटाचाही नव्हे. तो खोपोलीचा. १८५६ला मुंबईहून आलेली मुख्य रेषा जिथे संपायची, तो पळसदरी-खोपोली तुकडा घाट झाल्यावर फाटा बनला आणि आजवर फाटाच राहिला. पनवेल-कर्जत मार्गावर वावर्ले इथे अडीच किलोमीटरहून लांब बोगदा खणला गेला, वंदे भारत बँकरशिवाय घाट चढू लागली, आणि खोपोली लोकल पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी करत एकेरी मार्गावरून तिच्या चालीने जात राहिली. कारखान्यांच्या पाळीची माणसं, दुधाच्या किटल्या, शाळेची मुलं. जुनी रेल्वे पाहायची म्हणून कुणी कर्जतला आलं तर मी त्याला आधी या लोकलमध्ये बसवीन. पळसदरी सोडल्यावर डाव्या खिडकीतून पाहिलं की पुण्याचा मार्ग वेगळा होऊन डोंगराच्या अंगाला लागतो. १८६३ला तो तिथून चढू लागला, त्याआधीची सात वर्षं प्रत्येक पुणेकर प्रवासी याच उजव्या रुळावरून खोपोलीला उतरून पालखीवाल्यांशी भाव करत होता. नेरळ त्यानंतर, दुपारच्या गाडीने.